प्रतिपक्षाचा मान : डेव्हिड ह्यूम आणि त्याचे ख्रिस्ती टीकाकार

धर्मावर आघात करणाऱ्याला धार्मिक माणसाने उत्तर कसे द्यावे, हा प्रश्न जुना आहे आणि अवघडही आहे. श्रद्धा हा जिव्हाळ्याचा विषय. तिच्यावर कोणी घाव घातला की बुद्धीच्या आधी राग जागा होतो. राग जागा झाला आणि हाती सत्ता असली, तर माणूस प्रतिपक्षाचे तोंड बंद करतो. सत्ता नसली तर त्याला शिव्या देतो. या दोन वाटा इतक्या मळलेल्या आहेत की तिसरी वाट असू शकते याचाच पुष्कळांना विसर पडतो. पूर्वपक्ष नीट मांडल्याखेरीज उत्तरपक्षाला तोंड फोडू नये, हा दंडक आपल्याकडे शास्त्रार्थात मानला जात असे. पण तो पाळणारे थोडे आणि त्याचा उच्चार करणारे पुष्कळ, अशीच स्थिती सर्व देशांत आढळते. अठराव्या शतकातील स्कॉटलंडमध्ये काही ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी ही तिसरी वाट प्रत्यक्ष चालून दाखविली. त्यांच्यासमोर उभा होता त्या शतकातला सर्वांत तीक्ष्ण बुद्धीचा संशयवादी, डेव्हिड ह्यूम. या वादाची हकीगत आम्ही येथे सांगणार आहोत.

या हकीगतीचे मोल कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. 8 जानेवारी 1697 रोजी एडिंबरो शहराबाहेर टॉमस एकनहेड नावाच्या विद्यार्थ्याला फाशी देण्यात आले. त्याचे वय सुमारे वीस वर्षांचे. मित्रमंडळींत बसून त्याने बायबलाची आणि ख्रिस्ती सिद्धांतांची टवाळी केली होती, हा त्याचा अपराध. त्याने पश्चात्ताप व्यक्त केला, दयेचा अर्ज केला. पण धर्मोपदेशकांनी त्याच्यासाठी रदबदली केली तरच दया दाखविता येईल, असे राज्याच्या मंडळाने ठरविले आणि ती रदबदली चर्चकडून आली नाही. ईश्वरनिंदेसाठी ब्रिटनमध्ये दिलेली ही शेवटची फाशी होय. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी, 1711 मध्ये, त्याच एडिंबरोत ह्यूमचा जन्म झाला. म्हणजे ज्या समाजात ह्यूम लिहू लागला त्या समाजातील वृद्धांना ती फाशी आठवत होती.

ह्यूमच्या काळी फाशीची भीती उरली नव्हती. परंतु नास्तिकपणाचा शिक्का कपाळी बसला की पोटापाण्याची दारे मात्र बंद होत. 1745 मध्ये एडिंबरो विद्यापीठातील नीतिशास्त्राच्या अध्यापकपदासाठी ह्यूमचे नाव पुढे आले, तेव्हा शहरातील बहुसंख्य धर्मोपदेशकांनी त्याला विरोध केला. त्याचे विचार निखालस नास्तिकतेकडे नेणारे आहेत, असा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला आणि पद दुसऱ्याला मिळाले. पुढे 1752 मध्ये ग्लासगो विद्यापीठातही तेच घडले. युरोपभर ज्याचे नाव झाले त्या तत्त्वज्ञाला जन्मभर एकही अध्यापकपद मिळाले नाही. तो स्वतः आपणास नास्तिक म्हणवीत नसे. पुढे पॅरिसमध्ये बॅरन द होलबाखच्या मेजवानीत, आपण अजून खरा नास्तिक पाहिलेला नाही, असे तो म्हणाला. तेव्हा यजमानाने या मेजाभोवती पंधरा बसले आहेत असे उत्तर दिल्याची कथा प्रसिद्ध आहे. पण स्कॉटलंडच्या जनतेला असा बारकावा ठाऊक नव्हता. तिच्या लेखी ह्यूम नास्तिकच होता.

अशा वेळी चर्चमधील कडव्या पक्षाने शेवटचे शस्त्र उगारले. 1755 साली स्कॉटिश चर्चच्या महासभेपुढे ह्यूमच्या लिखाणाचा प्रश्न आणण्यात आला. त्या वर्षी महासभेने कोणाचे नाव न घेता अश्रद्धेचा सर्वसाधारण निषेध करून वेळ मारून नेली. 1756 मध्ये मात्र ह्यूमचे नाव घेऊन त्याच्या ग्रंथांची चौकशी करावी, असा ठराव समितीपुढे आला. तो संमत झाला असता तर बहिष्कारापर्यंत मजल गेली असती. परंतु दीर्घ चर्चेनंतर 50 विरुद्ध 17 मतांनी ठराव फेटाळला गेला. फेटाळणारे स्वतः धर्मोपदेशक आणि चर्चचे वडीलधारे होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांच्यात ‘मवाळ’ म्हणून ओळखला जाणारा एक तरुण गट होता. इतिहासकार विल्यम रॉबर्टसन आणि वक्तृत्वासाठी गाजलेला ह्यू ब्लेअर ही त्यातील ठळक नावे. निर्बंध घालावयाचा तर तो दुराचरणावर घालावा, विचारस्वातंत्र्यावर नव्हे, असे या पक्षाचे म्हणणे होते. ज्याचे म्हणणे खोटे वाटते त्याला युक्तिवादाने खोडून काढावे. चर्चच्या अधिकाराने त्याला चिरडले तर त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही.

पण चिरडणार नाही एवढे म्हटल्याने अर्धेच काम होते. उत्तर द्यावयाचे उरतेच. ते उत्तर देण्याचे काम ॲबर्डीन येथील जॉर्ज कँबेल या धर्मोपदेशकाने अंगावर घेतले.

ह्यूमच्या ज्या लेखाने सर्वांत अधिक खळबळ उडविली तो 1748 साली प्रसिद्ध झालेला चमत्कारांवरील निबंध. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा. निसर्गाच्या नियमांवरील आपला विश्वास अखंड, एकसारख्या अनुभवावर उभा आहे. साक्षीदारांवरील विश्वासही अनुभवावरच उभा आहे. पण तो अनुभव एकसारखा नाही, कारण माणसे चुकतात, फसतात आणि फसवितात. तेव्हा निसर्गनियमाचा भंग झाला असे कोणी सांगू लागला, तर दोन्ही पारडी तोलून पाहावीत. ती साक्ष खोटी असणे हे त्या चमत्काराहूनही अधिक अघटित असेल, तरच साक्षीवर विश्वास ठेवावा. याच निबंधात ह्यूमने एका हिंदी राजपुत्राचे उदाहरण दिले आहे. थंडीने पाणी गोठून घट्ट होते, हे त्याने प्रथम ऐकले तेव्हा त्याने ते मानले नाही. उष्ण देशात वाढलेल्या त्या राजपुत्राने आपल्या अनुभवाच्या मर्यादेत योग्यच तर्क केला, असे ह्यूम म्हणतो. आपल्या देशाचा उल्लेख अशा प्रकारे या युरोपीय वादात येऊन गेला, याची गंमत वाटल्यावाचून राहत नाही.

ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीने हा वार वर्मी होता. ख्रिस्ताचे पुनरुत्थान हीच जर अविश्वसनीय गोष्ट ठरली तर पुढे काय उरले? कँबेल हा 1759 पासून ॲबर्डीनच्या मारिशल कॉलेजचा प्राचार्य होता. 1760 मध्ये त्याने धर्मोपदेशकांच्या प्रांतिक सभेपुढे या विषयावर प्रवचन केले. ते छापावे असा सभेने आग्रह धरला, तेव्हा त्याने त्याचा विस्तार करून ग्रंथ लिहिला. ग्रंथ तयार झाल्यावर त्याने जे केले ते त्या काळाच्या मानाने विलक्षण होते. त्याने हस्तलिखित एडिंबरोला ब्लेअरकडे पाठविले आणि ब्लेअरच्या हातून ते खुद्द ह्यूमच्या हाती गेले. ज्याचे खंडन करावयाचे त्यालाच आपले शस्त्र आधी तपासावयास देणे ही गोष्ट सोपी नाही. तसे करण्यास आपल्या बाजूवर विश्वास लागतो आणि समोरच्या माणसाच्या सचोटीवरही लागतो.

ह्यूमने ते वाचले आणि ब्लेअरला सविस्तर पत्र लिहिले. काही मुद्द्यांना त्याने उत्तरे दिली. मग त्याने एक तक्रार केली आणि ती युक्तिवादाविषयी नव्हती. लेखकाने आपणास ‘पाखंडी लेखक’ म्हटले याचे त्याला वाईट वाटले. इतिहास, राजकारण, व्यापार, नीती यांवर आपण खंडच्या खंड लिहिले; त्यांतील दहाबारा पानांवरून एवढे मोठे विशेषण चिकटवावयाचे काय? जन्मात एकदा झिंगलेला दिसला म्हणून कोणी माणसाला दारुडा म्हणते काय? याच पत्रात ह्यूमने मित्र ब्लेअरलाही एक विनंती केली. साहित्यावर बोलणे निघाले की आपण दोघे आनंदाने उठतो. तुमच्या पेशाच्या विषयावर आले की मी कंटाळतो आणि तुम्ही रागावता. तरी यापुढे तो विषय आपल्यात नको. ब्लेअरने मैत्री सोडली नाही. कँबेलने हस्तलिखित पुन्हा हाती घेतले आणि जेथे जेथे शब्द विनाकारण तिखट झाला होता, तेथे तो काढला किंवा सौम्य केला. युक्तिवाद मात्र त्याने तसूभरही सौम्य केला नाही.

तो युक्तिवाद काय होता? कँबेल म्हणतो, साक्षीवरील विश्वास अनुभवातून जन्मतो हेच मुळी खरे नव्हे. लहान मूल प्रथम सांगितलेले सगळेच खरे मानते. अविश्वास ते पुढे अनुभवाने शिकते. म्हणजे विश्वास हा मनुष्यस्वभावाचा मूळ धर्म असून अनुभव त्याला केवळ मर्यादा घालतो. दुसरे उदाहरण तो नावेचे देतो. मी नदीच्या उताराजवळ कित्येक वर्षे राहतो. नाव हजारदा पलीकडे गेली आणि तितक्याच वेळा सुखरूप परत आली, हा माझा अनुभव. आज एक अनोळखी माणूस गंभीर चेहऱ्याने सांगतो की नाव बुडाली, मी काठावरून पाहिले. ह्यूमच्या हिशेबाने दोन हजार अनुभवांपुढे या एका साक्षीची किंमत ती काय! पण आपण त्यावर विश्वास ठेवतो, आणि ठेवतो ते योग्यच करतो. तेव्हा अनुभव आणि साक्ष यांची अशी वजाबाकी करण्याची रीतच चुकीची आहे. यावर ह्यूमकडेही उत्तर होते. नाव बुडणे ही विरळ घटना असली तरी तिने निसर्गाचा नियम मोडत नाही. विरळ आणि अशक्य यांत अंतर आहे. शिवाय दुसऱ्यांचा अनुभव आपला होतो तो साक्षीवरील विश्वासाच्या द्वारेच, आणि तो विश्वास मनुष्यस्वभावाच्या आपल्या अनुभवावरच ठरतो. दोघांचेही म्हणणे आज तत्त्वज्ञानाच्या वर्गात शिकविले जाते. निकाल कोणाच्या बाजूने लागला हे सांगण्याचा आमचा अधिकार नाही आणि तो या निबंधाचा विषयही नाही.

1762 मध्ये ग्रंथ छापून निघाला. त्याच्या प्रास्ताविकात कँबेलने उघडपणे लिहिले की, ह्यूमच्या ग्रंथांनी आपले मन रमविले आणि आपणास पुष्कळ शिकविले. सूक्ष्म विचार करण्याची जी काही शक्ती आपल्या अंगी आहे तिच्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. एका धर्मोपदेशकाने छापील अक्षरांत असे लिहावे यास धैर्य लागत असे. 7 जून 1762 रोजी ह्यूमने कँबेलला पत्र पाठविले. विरोधकांस उत्तर द्यावयाचे नाही असा नियम आपण तरुणपणीच केला आहे, नाहीतर या ग्रंथाला उत्तर देण्याचा मोह झाला असता, असे त्याने कळविले. इतक्या सभ्यपणे चाललेला वाद क्वचितच पाहण्यात येतो, अशी पावतीही दिली. आणि मग जणू बक्षीस म्हणून त्याने आपल्या युक्तिवादाची जन्मकथा सांगितली. तरुणपणी फ्रान्समध्ये ला फ्लेश येथील जेझुइट महाविद्यालयाच्या ओवऱ्यांत तो एका जेझुइटाबरोबर फेऱ्या घालीत होता. त्या पाद्र्याने आपल्या मठात घडलेला एक चमत्कार सांगितला. त्याच्याशी वाद करता करता ह्यूमला हा युक्तिवाद सुचला. पाद्री गोंधळला, पण शेवटी म्हणाला, हा युक्तिवाद बरोबर असूच शकत नाही, कारण तो शुभवर्तमानातील चमत्कारांनाही तितकाच लागू पडतो! हे उत्तर पुरेसे समजून आपण गप्प बसलो, असे ह्यूम मिस्कीलपणे लिहितो. ही गोष्ट आज आपणास माहीत आहे ती त्याने एका ख्रिस्ती प्रतिपक्ष्याला विश्वासाने सांगितली म्हणून.

कँबेल एकटा नव्हता. 1758 मध्ये ॲबर्डीनला त्याने आणि टॉमस रीड इत्यादी मित्रांनी एक तत्त्वज्ञानमंडळ स्थापिले होते. रीड हाही धर्मोपदेशक. ह्यूमच्या तत्त्वज्ञानाचे खंडन करणारा त्याचा ग्रंथ 1764 मध्ये आला, आणि त्याच्या हस्तलिखिताचा भागही ब्लेअरमार्फत आधी ह्यूमकडे गेला होता. प्रथम ह्यूम वैतागला. पाद्र्यांनी एकमेकांना चावण्याचा आपला जुना धंदा करावा आणि तत्त्वज्ञांना सभ्यपणे वाद करू द्यावा, असे तो म्हणाला. पण वाचल्यावर त्याचे मत पालटले. त्याने रीडला आदराचे पत्र लिहिले, आणि इतका जवळून वाचल्याचा पुरावा म्हणून की काय, इंग्रजीतील एक स्कॉटिश वळणाचा चुकीचा प्रयोगही दाखवून दिला! रीडने मार्च 1763 मध्ये दिलेले उत्तर मोठे रसाळ आहे. आमच्या मंडळात आपणास वारंवार आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते, आवेशाने आरोप होतात, तितक्याच आवेशाने बचाव होतो, पण कटुता नसते. आम्ही सारे चांगले ख्रिस्ती असलो तरी संत अथानेशियसापेक्षा आपण आलात तर आम्हाला अधिक आनंद होईल. आपण लिहिणे थांबविलेत तर आम्हाला चर्चेला विषयच उरणार नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. ज्याचे खंडन करावयाचे त्याच्यावाचून आपले तत्त्वज्ञान उभेच राहिले नसते, ही ती कबुली होय.

इंग्लंडमध्येही याच जातीचा एक माणूस होता. रिचर्ड प्राइस हा चर्च ऑफ इंग्लंडच्या बाहेरच्या पंथाचा धर्मोपदेशक आणि गणिती. टॉमस बेज या दिवंगत धर्मोपदेशक मित्राचा संभाव्यतेवरील निबंध त्याने शोधून काढून 1763 मध्ये रॉयल सोसायटीपुढे ठेवला. आज संख्याशास्त्रात बेजचे नाव पदोपदी येते ते या निबंधामुळे. 1767 मध्ये प्राइसने संभाव्यतेच्या अंगाने ह्यूमला उत्तर दिले. सोडतीत एका ठरावीक क्रमांकाला बक्षीस लागण्याचा संभव अत्यल्प असतो, तरी वर्तमानपत्रात तो क्रमांक वाचला की आपण विश्वास ठेवतो. तेव्हा घटनेची असंभाव्यता तेवढी पाहून साक्ष झिडकारता येत नाही. ह्यूमने त्याला लिहिले की, आपण मला लुच्चा किंवा मठ्ठ न समजता, चुकलेला पण पटवून दिल्यास समजू शकणारा माणूस समजलात, याबद्दल मी आभारी आहे. प्रतिपक्षाला याहून अधिक काय हवे असते?

आता दुसरी बाजू. रिचर्ड हर्डने 1757 मध्ये ह्यूमच्या धर्मविषयक ग्रंथावर जी पुस्तिका लिहिली तिच्यातील उद्धटपणा ह्यूम मरेपर्यंत विसरला नाही. आत्मचरित्राच्या चारदोन पानांतही त्याने तिची नोंद केली. जेम्स बीटीचे उदाहरण तर अधिक बोलके आहे, कारण तो कँबेलच्याच महाविद्यालयात प्राध्यापक आणि त्याच मंडळाचा सभासद. 1770 मध्ये त्याने सत्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ह्यूमवर आग पाखडलेली होती. तो ग्रंथ तडाख्याने खपला. 1773 मध्ये राजाने लेखकाला दोनशे पौंडांचे सालीना वेतन दिले, ऑक्सफर्डने पदवी दिली, आणि सर जोशुआ रेनल्ड्सने त्याचे चित्र काढले. त्यात बीटी विद्वानाच्या झग्यात उभा असून देवदूत काही आकृतींना खाली लोटीत आहे. त्यांतील एक व्हॉल्टेअर आणि दुसरा ह्यूम, असे लोक म्हणत. ह्यूमने बीटीला हटवादी मूर्ख म्हणून सोडून दिले. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कृष्णवर्णीय माणसे जात्या हीन आहेत असे ह्यूमने एका तळटीपेत लिहिले होते. त्याचा समाचार बीटीने सडेतोडपणे घेतला, आणि त्या मुद्द्यावर बीटी बरोबर होता, ह्यूम साफ चुकला होता. पण बीटीच्या एकंदर लिखाणाचा सूरच असा होता की ही खरी गोष्टही ह्यूमच्या कानापर्यंत पोहोचू शकली नाही. कठोर शब्दांचे हेच नुकसान असते. त्यांच्या गदारोळात सत्यही वाया जाते.

सौजन्यावर एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो डॉ. जॉन्सनचा आहे. मार्च 1776 मध्ये तो बॉझवेलसह ऑक्सफर्डला डॉ. विल्यम ॲडम्स याच्याकडे गेला होता. ॲडम्सने 1752 मध्येच ह्यूमच्या चमत्कारावरील निबंधाला सभ्य उत्तर दिले होते. पुढे लंडनला दोघे एकत्र जेवले तेव्हा, माझ्या लायकीपेक्षा आपण मला चांगले वागविलेत, असे ह्यूम त्याला म्हणाला, आणि नंतर दोघांचे एकमेकांकडे जाणेयेणे झाले. बॉझवेलला हे रुचले नाही. जॉन्सनने त्याचीच बाजू घेतली. बहुतेक लोकांवर युक्तिवादापेक्षा माणसाच्या प्रतिष्ठेचा परिणाम अधिक होतो. म्हणून महत्त्वाच्या वादात प्रतिपक्षाला लहान करून दाखविणे हे कर्तव्यच आहे, असे त्याचे म्हणणे. ॲडम्सने विचारले, धुराडी साफ करणाऱ्या काजळीने माखलेल्या माणसाला तुम्ही धक्का द्याल काय? जॉन्सन म्हणाला, जरूर पडली तर धक्का देऊन खाली पाडीन.

जॉन्सनचे निरीक्षण खोटे नाही. लोक माणूस पाहून मत ठरवितात, हे कोणत्याही सभेला जाणाऱ्याला ठाऊक आहे. पण त्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. प्रतिपक्षाला खाली पाडल्याने तो पडला एवढेच सिद्ध होते. त्याचा युक्तिवाद उभाच राहतो, आणि उद्या दुसरा कोणी तो उचलतो. शिवाय येथे बलाबलाचा विचार सुटता कामा नये. 1762 च्या स्कॉटलंडमध्ये विद्यापीठे, व्यासपीठे आणि महासभा हे सर्व कँबेलच्या पक्षाकडे होते. ह्यूमकडे केवळ लेखणी होती. ज्याच्या पाठीशी सत्ता उभी असते त्याचा कठोर शब्द नुसता शब्द राहत नाही. एकनहेडला ज्यांनी फाशी दिले त्यांच्याही बाजूने युक्तिवाद होते. पण ते मांडण्याची त्यांना गरजच पडली नाही, आणि म्हणून ते युक्तिवाद खरे होते की खोटे हे कोणालाच कळले नाही. आपली श्रद्धा खरी आहे अशी ज्याची खात्री असते त्याला ती तपासू देण्याचे भय वाटू नये. ह्यूमच्या हाती हस्तलिखित देताना कँबेलने जे दाखविले ते दुबळेपण नव्हते. तो त्याच्या श्रद्धेचाच पुरावा होता.

25 ऑगस्ट 1776 रोजी ह्यूम शांतपणे मरण पावला. मरणापूर्वी भेटीस आलेल्या बॉझवेलला, नास्तिक माणूस इतका निश्चिंत कसा, याचे कोडे पडले होते. ॲडम स्मिथने त्याच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणारे पत्र 1777 मध्ये प्रसिद्ध केले आणि ह्यूमच्या शहाणपणाची व सद्गुणांची स्तुती केली, तेव्हा जॉर्ज हॉर्न या ऑक्सफर्डच्या धर्मपंडिताने निनावी पुस्तिका काढून स्मिथवर तोंडसुख घेतले. ब्रिटनच्या सबंध व्यापारपद्धतीवर आपण जो हल्ला केला त्यापेक्षा दसपटीने अधिक शिव्या आपणास या निरुपद्रवी पत्राने मिळाल्या, असे स्मिथने नंतर लिहिले.

ह्यूम अखेरपर्यंत ख्रिस्ती झाला नाही आणि कँबेल, रीड, प्राइस यांची श्रद्धा ढळली नाही. मग या सौजन्याने साधले काय? सौजन्य हे मन वळविण्याचे हत्यार समजले तर काहीच साधले नाही असे म्हणावे लागेल. पण ते हत्यार नव्हेच. त्याने एवढे साधले की ह्यूमचा युक्तिवाद त्याच्या सर्वांत बलवान रूपात तपासला गेला आणि ख्रिस्ती पक्षालाही आपले सर्वांत बलवान उत्तर शोधावे लागले. ज्या चर्चने चौसष्टसहासष्ट वर्षांपूर्वी एका पोराला फाशी जाऊ दिले, त्याच चर्चच्या प्राचार्याने त्याच विषयावर एका संशयवाद्याचे ऋण छापून मान्य केले. दोघांच्याही म्हणण्यातले टिकण्याजोगे ते टिकले. वादात याहून मोठा जय आम्हाला तरी ठाऊक नाही.